नोआ गेले, तरी गच्चीवरची ती दोन तारांची अँटेना काढू नका

प्रश्न सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेतल्या विज्ञान शिक्षकांचा आहे. हवामान उपग्रहांची चित्रं थेट पकडता येतात असं वाचून त्यांनी मुलांना सोबत घेऊन इंग्रजी व्ही आकाराची अँटेना बनवली, रेडिओ लहरी संगणकात उतरवणारं यूएसबी डोंगल घेतलं, आणि जुन्या व्हिडिओंत सांगितल्याप्रमाणे 137.1, 137.62 आणि 137.9125 मेगाहर्ट्झ या तीन जागा महिनाभर ऐकल्या. खरखरीपलीकडे काही आलं नाही. मुलं हिरमुसली आहेत. अँटेना चुकली का, आणि आता पिळाची ती अवघड क्यूएफएच अँटेना बनवावी का, असं ते विचारतात.

सर, तुमची अँटेना चुकलेली नाही. तुम्ही ज्यांना ऐकत होतात, ते अमेरिकेचे तिन्ही नोआ हवामान उपग्रह आता बोलतच नाहीत. नोआ-18 हा 6 जून 2025 ला बंद केला, नोआ-19 हा 13 ऑगस्टला आणि शेवटचा नोआ-15 हा 19 ऑगस्टला. नोआ-15 मे 1998 मध्ये वर गेला होता, म्हणजे तो 27 वर्षं चालला. तुमच्या वर्गातल्या कुणाही मुलापेक्षा तो मोठा होता. व्हिडिओ मात्र जुनेच आहेत आणि अजून बघितले जातात, त्यामुळे तुमच्यासारखी कितीतरी माणसं आज रिकाम्या आकाशाकडे कान लावून बसली आहेत.

ज्यांनी ते ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नोआ उपग्रह एपीटी नावाच्या पद्धतीने चित्र पाठवत. साधं एफएम, त्यात 2400 हर्ट्झचा एक सूर, आणि त्या सुराचा चढउतार म्हणजे चित्रातला उजेड-अंधार. सेकंदाला दोन ओळी. स्पीकरवर ते घड्याळाच्या टिकटिकीसारखं ऐकू यायचं, आणि उपग्रह क्षितिजावर आला की खरखरीतून ती टिकटिक हळूहळू वर यायची. ही पद्धत 1963 च्या डिसेंबरात टायरॉस-8 या उपग्रहावर पहिल्यांदा वापरली गेली, आणि त्याच दशकात मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेतही एपीटीची चित्रं घेतली जाऊ लागली. साठ वर्षं चाललेली गोष्ट 2025 मध्ये संपली. मला त्याचं वाईट वाटतं, पण तुमच्या शाळेचं काम त्यामुळे अडत नाही.

कारण त्याच 137 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात रशियाचे मेटिओर उपग्रह आहेत. मेटिओर-एम 2-3 हा उपग्रह जून 2023 मध्ये गेला आणि मेटिओर-एम 2-4 हा फेब्रुवारी 2024 मध्ये. दोघेही बहुधा 137.9 वर बोलतात, कधी 137.1 वर. तुमची अँटेना याच पट्ट्यासाठी कापलेली आहे, म्हणजे तिला हातही लावायचा नाही. बदलायचं ते सॉफ्टवेअर, आणि ऐकण्याची रीत. सुरुवात 2-4 पासून करा. 2-3 ची या प्रसारणासाठीची अँटेना वर गेल्यावर नीट उघडली नाही, त्यामुळे त्याचा सिग्नल एकाच पासमध्ये, म्हणजे आपल्या आकाशातून जाण्याच्या एका फेरीत, चढतो-पडतो आणि नवशिक्याला आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं.

मेटिओरची पद्धत एलआरपीटी, म्हणजे डिजिटल. यात टिकटिक नाही. स्पीकरवर ते नुसतं फसफसणं वाटतं, म्हणून कानाने शोधू नका, पडद्यावर शोधा. वॉटरफॉलवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या फ्रिक्वेन्सींच्या सरकत्या आलेखावर, 137.9 च्या जागी साधारण शंभर-सव्वाशे किलोहर्ट्झ रुंदीचा एक सपाट पट्टा उगवतो. नोआच्या चित्राला चार किलोमीटरला एक ठिपका मिळायचा, मेटिओरच्या चित्राला एक किलोमीटरला एक. चित्र कितीतरी सरस. पण डिजिटलचा स्वभाव वेगळा आहे. नोआचा सिग्नल कमजोर असला तर चित्रात दाणे यायचे, तरी ढग दिसायचे. मेटिओरचा कमजोर झाला की त्या पट्टीत काहीच येत नाही, थेट काळं. अधलंमधलं काही नसतं. म्हणून नोआच्या काळात चालून जायचं ते सगळं आता चालत नाही, आणि माझं म्हणणं इथेच आहे: तुमची पुढची मेहनत नव्या अँटेनावर घालवू नका, अँटेनाच्या जागेवर आणि शाळेतल्या विजेच्या नॉइजवर घालवा.

आधी अँटेना एकदा तपासून घेऊ. दोन भुजा, प्रत्येकी साधारण 53 सेंटिमीटर, मध्ये 120 अंशांचा कोन, दोन्ही जमिनीला समांतर. हा आराखडा क्रोएशियातल्या एका हौशी रेडिओवाल्यांनी 2017 च्या सुमारास लोकप्रिय केला आणि तो टिकला, कारण त्याच्यामागे साधा विचार आहे. सरळ डायपोलचा, म्हणजे दोन भुजा एका रेषेत असलेल्या अँटेनाचा, रोध 73 ओमच्या आसपास असतो, भुजा वाकवल्या की तो डोंगलला हव्या असलेल्या 50 च्या जवळ येतो. आडवी ठेवल्याने ती वरचं आकाश चांगलं बघते आणि जमिनीवरच्या उभ्या ध्रुवणाच्या, म्हणजे ज्यांची लाट उभी डोलते अशा, सिग्नलांना बरंच गाळते. व्हीचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला ठेवा. हे उपग्रह ध्रुवावरून ध्रुवावर फिरतात, आपल्याला ते उत्तर-दक्षिण जाताना दिसतात, आणि अशी ठेवलेली अँटेना त्याच दिशेला सगळ्यात चांगली ऐकते. उपग्रहाचा सिग्नल वर्तुळाकार ध्रुवणाचा असल्याने आपण यात 3 डेसिबल, म्हणजे निम्मी शक्ती सोडून देतो. ते परवडतं.

साहित्य गावातच मिळतं. आठ नंबरची अर्थिंगची तांब्याची तार सगळ्यात सोपी. गिझरला लावतात तो पोर्सिलीनचा कनेक्टर घ्या, त्याच्या दोन भोकांत दोन तारा घट्ट आवळा, दुसऱ्या बाजूने केबलची मधली तार एका भुजेला आणि जाळी दुसऱ्या भुजेला. जुन्या दूरदर्शनच्या अँटेनाच्या ॲल्युमिनियमच्या नळ्याही चालतात, फक्त ॲल्युमिनियमला साधं सोल्डर धरत नाही, स्क्रूनेच आवळावं लागतं. दांडा पीव्हीसीचा किंवा लाकडी घ्या, लोखंडी पाईप भुजांच्या जवळ नको. केबल टीव्हीवाल्याकडची आरजी-6 वायर 75 ओमची असते, ती वापरली तर फार बिघडत नाही. उलट लांब अंतराला ती बारीक आरजी-58 पेक्षा कमी सिग्नल खाते. कनेक्टरपाशी केबलचे पाच-सहा वेढे पाच-सहा सेंटिमीटरच्या पाईपवर घाला, म्हणजे केबलची जाळी स्वतः अँटेना बनून शाळेतला कचरा गोळा करत नाही. जोडावर एम-सील लावा. जून-जुलैत पाणी जाळीतून केशनळीसारखं आत चढतं आणि महिन्याभरात केबल निकामी होते. केबल खाली उतरते तिथे तिला एक झोल द्या, पाणी तिथून टपकेल.

आता जागा. इथे जरा थांबतो, कारण मी स्वतः यात एक अख्खा मे महिना घालवला आहे. गावी मामांच्या घरावर पत्रा आहे. मी अँटेना पत्र्याच्या वर एक मीटरभर उंचीवर बांधली, मोकळं आकाश, आजूबाजूला काही नाही. पण प्रकार असा व्हायचा की उपग्रह चाळीस अंशांवरून तिरका गेला की सिग्नल ठणठणीत, आणि थेट डोक्यावरून गेला, म्हणजे जेव्हा तो सगळ्यात जवळ असतो तेव्हा, बरोबर मध्यावर सिग्नल ढासळायचा. उलट व्हायला हवं होतं. मी डोंगल बदललं, केबल बदलली, भुजांची लांबी मिलिमीटरने कापून बघितली. शेवटी कागदावर आकृती काढली तेव्हा उलगडा झाला. पत्रा हा आरसा आहे. त्यावरून परतणारी लाट उलटी होऊन परतते. 137.9 मेगाहर्ट्झची लाट 2.18 मीटर लांब, आणि अँटेना पत्र्यापासून अर्ध्या लाटेवर, म्हणजे 1.09 मीटरवर असली तर डोक्यावरून आलेली लाट खाली जाऊन परत येईपर्यंत बरोबर एक लाट चालते, उलटी झालेली असते, आणि सरळ आलेल्या लाटेला मारून टाकते. अँटेना 54 सेंटिमीटरवर आणली, म्हणजे पाव लाटेवर. त्याच दिवशी संध्याकाळचा पास सुरुवातीपासून शेवटपर्यंत भरून आला.

तुमच्या शाळेला पत्र्याची शेड असेल तर हे लक्षात ठेवा. सिमेंटच्या स्लॅबवर हा परिणाम कमी असतो, पण आतल्या सळ्यांमुळे थोडा असतोच. स्लॅबवरही पन्नास-साठ सेंटिमीटर उंची पुरे. अँटेना उंच बांबूवर चढवण्याची हौस आवरा. दूरदर्शनला उंची लागायची कारण ते प्रक्षेपण क्षितिजावरून यायचं, हे डोक्यावरून येतं. हवं ते एवढंच की चारही बाजूंना आकाश उघडं असावं. पाण्याच्या टाकीपासून आणि जिन्याच्या खोलीपासून ती दोन-तीन मीटर लांब ठेवा.

आकाश उघडं का हवं, याचा हिशोब मुलांकडून करून घ्या, त्यांना पायथागोरसचा उपयोग दिसेल. उपग्रह सुमारे 820 किलोमीटर उंच आहे. डोक्यावर असताना अंतर तेवढंच. क्षितिजावर असताना, पृथ्वीची त्रिज्या 6371 धरली, तर अंतर 3300 किलोमीटरच्या वर जातं. चौपट अंतर, म्हणजे शक्ती सोळावा हिस्सा. पासच्या सुरुवातीला आणि शेवटी चित्र तुटतं ते यामुळे. दहा अंशांच्या खाली काही मिळालं नाही तर जिवाला लावून घेऊ नका.

दुसरी गोष्ट नॉइजची, आणि शाळेत तुमचा खरा शत्रू तोच असणार. स्वस्त एलईडी ट्यूब, सीसीटीव्हीचे ॲडाप्टर, इन्व्हर्टरचं चार्जिंग, सोलरचा इन्व्हर्टर, डिजिटल वर्गातला प्रोजेक्टर, लॅपटॉपचा स्वतःचा चार्जर. या सगळ्यांत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते आणि त्याची घाण 137 पर्यंत चढते. वॉटरफॉलवर ठरावीक अंतराने उभ्या, किंचित डुलणाऱ्या रेघा दिसल्या तर त्या याच्या. तपासणी सोपी आहे. उपग्रह नसताना लॅपटॉप बॅटरीवर घ्या, अँटेना जोडा, आणि पडद्यावरची खालची पातळी बघत एका मुलाला मेन स्विच पाडायला सांगा. पातळी दणकन खाली आली तर चोर शाळेतच आहे. मग एकेक एमसीबी वर करत जा आणि प्रत्येक वेळी पडदा बघा. माझ्याकडे असा चोर जिन्यातल्या कॅमेऱ्याचा ॲडाप्टर निघाला. अंगठ्याएवढी वस्तू, पण तिने माझे निम्मे पास खाल्ले होते. तो बदलला, वायरला नॉइज अडवणारं फेराइटचं कडं लावलं, झालं. मुलांसाठी हा खेळ चित्रापेक्षा कमी मजेचा नाही, करून बघा.

गेनचंही, म्हणजे डोंगल सिग्नल किती वाढवतं त्याचंही, तसंच. बहुतेक जण गेन शेवटपर्यंत ताणतात. जवळ एफएमचा मनोरा असेल तर त्याच्या जोराने डोंगल आतून बधिर होतं आणि उपग्रह गाडला जातो. गेन शून्यापासून वाढवत जा. नुसती खरखरीची पातळी वर यायला लागली की तिथे थांबा. ऑटोमॅटिक गेन बंद ठेवा. एवढं करूनही सिग्नल अपुरा पडला तरच 137 चा फिल्टर असलेला प्री-ॲम्प्लिफायर घ्या, आणि तो अँटेनापाशी लावा. केबलच्या खालच्या टोकाला लावून उपयोग नाही, कारण तोवर केबलने आपला वाटा घेतलेला असतो.

सॉफ्टवेअर सॅटडम्प घ्या, फुकट आहे. त्यात मेटिओरचा एलआरपीटी 72 के हा पर्याय निवडा, फ्रिक्वेन्सी 137.9, सॅम्पल रेट 1.024 दशलक्ष. उपग्रह जवळ येताना आणि लांब जाताना फ्रिक्वेन्सी तीनेक किलोहर्ट्झने सरकते, ते सॅटडम्प सांभाळतं. पासची वेळ त्यातच कळते, फक्त कक्षेचे आकडे आठवड्यातून एकदा ताजे करून घ्या. आपल्या अक्षांशावर एका उपग्रहाचे दिवसाला चार-पाच पास मिळतात, पण त्यातले चांगले उंच असे दोन, एक दिवसा, एक रात्री. एक पास बारा-चौदा मिनिटांचा. शाळेसाठी दिवसाचाच घ्या, रात्री दृश्य प्रकाशाचे चॅनल काळेच येतात.

पास सुरू झाला की पडद्यावर एक चौकोन दिसतो. त्यात आधी ठिपक्यांचा नुसता गोळा असतो, मधमाश्यांच्या घोळक्यासारखा. उपग्रह वर येतो तसा तो घोळका चार कोपऱ्यांत वाटला जाऊ लागतो. चार वेगळे झुबके दिसले की खाली लॉक झाल्याची खूण हिरवी होते आणि चित्राची पहिली पट्टी उतरते. त्या क्षणी मुलांना पडद्याजवळ बोलवा.

आणि चित्रात काय बघायचं ते आधी सांगून ठेवा, नाहीतर ती नुसते ढग बघून परततील. मेटिओरचा दुसरा चॅनल जवळच्या अवरक्ताचा आहे, त्यात पाणी शाईसारखं काळं दिसतं आणि हिरवाई उजळ. पावसाळा सरल्यावरच्या निरभ्र पासमध्ये कोयनेचा शिवसागर सह्याद्रीच्या कुशीत काळ्या धाग्यासारखा दिसतो, उजनीचं पाणी त्याहून जाड आणि वळणावळणाचं. वर कच्छचं रण, त्यातलं पाणी आटलं की, पांढरंफेक. चित्राची रुंदी 2800 किलोमीटर, त्यामुळे एका नजरेत अरबी समुद्रापासून बंगालच्या उपसागरापर्यंत सगळं येतं. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात रोजचा एक पास ठेवला तर ढगांची आघाडी केरळाकडून वर सरकताना तुमच्याच फायलींमध्ये दिसेल. भूगोलाच्या सरांना हे दाखवाच.

कुणी विचारेल, भारतीय हवामान विभागाच्या साइटवर इन्सॅटची चित्रं दर अर्ध्या तासाने मिळतात, मग हा खटाटोप कशाला? मी स्वतःपुरतं सांगतो. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून वर चाललं होतं. आमच्याकडे वीज गेली, मोबाइलचा टॉवर गेला. सकाळच्या पासला लॅपटॉप बॅटरीवर होता, अँटेना वाऱ्याने थरथरत होती, आणि नोआ-15 ने नेहमीसारखी टिकटिक सुरू केली. ओळीमागून ओळ येत गेली आणि ज्याचा आवाज मी दारं-खिडक्यांवर ऐकत होतो तो भोवरा पडद्यावर पुरा झाला. तो सिग्नल कुठल्याही कंपनीच्या तारेतून आला नव्हता. उपग्रहावरचा काही वॅटचा ट्रान्समीटर आणि माझी तांब्याची तार, मध्ये कुणी नाही. ते चित्र मी अजून जपून ठेवलं आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. क्यूएफएच चांगली अँटेना आहे, यात वाद नाही. वर्तुळाकार ध्रुवण पकडते, ते 3 डेसिबल परत मिळतात, क्षितिजाकडेही जास्त एकसारखी ऐकते. पण तिचे दोन वळसे, त्यांची उंची आणि पिळाची दिशा अचूक लागते. पिळाची दिशा चुकली तर ती उपग्रहालाच गाळते आणि तुम्ही महिनोन्‌महिने कारण शोधत बसता. व्ही अँटेनावर आठ-दहा चित्रं स्वच्छ येऊ द्या, नॉइज हटवा, मग सुट्टीत ती हातात घ्या. तेव्हा तुमच्याकडे तुलनेला जुन्या फायली असतील, आणि नवी अँटेना खरंच किती सुधारली हे मुलांना मोजून दाखवता येईल.

त्यानंतरची पायरी हवी असेल तर ती डिशची आहे. दक्षिण कोरियाचा जीके-2ए हा भूस्थिर उपग्रह 128.2 अंश पूर्वेला आहे. आपल्याकडून तो पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे झुकून, 25 अंशांच्या आसपास उंचीवर असतो. तो 1692.14 मेगाहर्ट्झवर दर दहा मिनिटांनी पृथ्वीची अख्खी थाळी पाठवतो, भारत तिच्या डाव्या कडेला दिसतो. त्याला साधारण मीटरभराची डिश, तांब्याच्या तारेचं घरी केलेलं फीड (डिशच्या तोंडाशी बसणारी छोटी अँटेना) आणि चांगला प्री-ॲम्प्लिफायर लागतो, पण एकदा रोखली की डिश हलवावी लागत नाही. पूर्वेला झाड किंवा इमारत असेल तर तो नाद सोडा. आणि अधूनमधून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून 145.8 मेगाहर्ट्झवर एसएसटीव्ही चित्रं, म्हणजे आवाजातून सावकाश ओळीओळीने उतरणारी चित्रं, येतात, ती तुमच्या याच व्ही अँटेनावर मिळतात. त्याची घोषणा आधी होते, मुलांपैकी कुणालातरी त्यावर लक्ष ठेवायचं काम द्या.

एक शेवटचं, पहिल्या पासच्या वेळी थेट डीकोड करतानाच कच्ची बेसबँड फाईलही, म्हणजे डोंगलने ऐकलेलं सगळं जसंच्या तसं, साठवा. 8 बिटला बारा मिनिटांची ती दीड जीबीच्या घरात जाते, जागा करून ठेवा. डीकोड फसला तरी ती पुन्हा चालवता येते, आणि बिघाड नेमका कुठल्या मिनिटाला झाला ते त्यात दिसतं. चित्र तुटकं आलं तर पासची वेळ, उपग्रह किती अंशांवर होता, अँटेना जमिनीपासून किती सेंटिमीटरवर आहे आणि वॉटरफॉलचा एक फोटो, एवढं कळवा. बहुतेक वेळा तेवढ्यावरून सांगता येतं.